सरबत दिलं का सगळ्यांना?

६ मे

अँब्युलन्सवरची ड्युटी संपवून घरी निघाले, तर माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर आरडाओरडा. "फिट आली, फिट!" दोघांनी एका रिक्षावाल्याला काखेत धरून सरळ बसवलेला. हातपाय झटकतोय — नाकाला चप्पल, मुठीत किल्ल्या!

"आडवा करा आधी!" झोपवला, पाय वर धरले. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून म्हणतो, "माझा नंबर गेला काय?"

ही फिट नव्हे, भोवळ. उपाशीपोटी उन्हात उभा होता. भोवळ आलेल्याला आडवं होऊ दिलं नाही, तर त्यालाही झटके येतात. फिटमधून उठलेला माणूस बराच वेळ भांबावलेला असतो. त्याला रांगेतला नंबर कुठला आठवायला!

७ मे

सकाळपासून डोक्यात संजना आत्या. बारा वर्षांपूर्वी तिच्या साखरपुड्यात असंच झालं. मी लहान होते, अंधुकच आठवतं. उपास, उकाडा, दोन बायकांनी उभी धरलेली. कोणा अडाण्यानं "फिट" म्हटलं आणि पाहुणे उठून गेले. लग्न मोडलं ते मोडलंच. तेव्हापासून रोज गोळी. विहिरीवर एकटी जायचं नाही, स्कूटरला हात लावायचा नाही. भाजी पिकवते ती, बाजारात नेतात बाबा.

विचारलं, "शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोललीस?"

"सरबत दिलं का सगल्यांना, म्हनून इचारलं. का गो?"

मी तिला मिठीच मारली!

८ मे

बाबा — "घरात पहिली ग्रॅज्युएट झालीस म्हणून डॉक्टर झालीस काय?" नाही झाले. म्हणूनच डॉक्टरांकडे नेतेय. तोवर गोळी बंद नाही, आत्याला तीनदा बजावलं.

२१ मे

मेंदूच्या, हृदयाच्या तपासण्या स्वच्छ! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "भोवळच असणार. चांगलं ओळखलंस." गोळी हळूहळू कमी करायची. स्कूटरचं सहा महिन्यांनी बघू म्हणाल्या. आत्या रिक्षात आपली आपणच हसत होती.

त्या अडाण्याला एकदा समोर उभं करायचंय मला!

२२ मे

विचारलंच — "फिट म्हणून पहिलं ओरडलं कोण?"

आत्या वांगी तोडत होती. "तू. शालेत तेव्हाच एका पोरीला आलेली. वाडीभर ओरडत पलालीस."

बारा वर्षांत एकदाही बोलली नाही!

"पोर व्हतीस. मोठ्यांनी तरी मला इचारायचं." टोपली माझ्या हातात दिली. "स्कूटर मात्र तूच शिकवायची."