जाऊबाईंच्या जाण्याचा भाग

१९ जून

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षर ओळखलं असशीलच. तुझा पत्ता आपल्या कपडेपटातल्या मावशींनी दिला. मागितल्यावर त्यांनी आधी चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि मग वहीतून पत्ता उतरवून दिला. बोलल्या काहीच नाहीत. मावशी बोलल्या नाहीत म्हणजे बघ.

इकडे सगळं ठीक आहे. लेक नोकरीला लागला, वेगळा राहतो, रविवारी धुवायचे कपडे घेऊन येतो. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. मालिकेला चौदावं वर्ष लागलंय. स्वयंपाकघराचा सेट पिवळा रंगवलाय आणि फ्रीजमध्ये अजूनही तीच प्लास्टिकची वांगी आहेत. तुझी तब्येत कशी आहे?

आता मुद्द्यावर येते. तो भाग तू पाहिलास की नाही, मला माहीत नाही. पाहिला नसशील तर एका वाक्यात सांगते : तू गेलीस. म्हणजे थोरली जाऊ गेली. सहा वर्षं तिला मुलाकडे परदेशात ठेवलं होतं. लेखक म्हणाला, 'किती दिवस नुसते फोन दाखवायचे?' त्याने फोनवरच तिच्या जाण्याची बातमी आणली. पंचवीस मिनिटांचा भाग, सगळं कुटुंब हॉलमध्ये, आणि शेवटी धाकट्या जावेने म्हणजे मी तिचा फोटो हातात घेऊन दोन पानांचं भाषण करायचं. हसवत हसवत रडवायचं, नेहमीसारखं.

ताई, त्या भागावर काय उसळलेत लोक! चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. कचेरीत पत्रांची टोपली ठेवावी लागली. माझ्या वाण्याने सामान बांधता बांधता डोळे पुसले आणि म्हणाला, 'वहिनी, घरातलं माणूस गेल्यासारखं झालं हो.' त्याला मी काय सांगू, की ते माणूस चार तासांच्या अंतरावर ठणठणीत आहे! एका इस्पितळातल्या नर्सबाईंनी लिहिलंय की भाग संपेपर्यंत त्यांनी वॉर्डातले दिवे घालवले नाहीत, आणि हाडाच्या डॉक्टरांचा राउंड चक्क दाराशी थांबला होता. एक निवृत्त मुख्याध्यापक चिडलेत. 'आम्ही हसण्यासाठी बसतो, आम्हाला फसवून रडवलंत, याचा निषेध.' निषेध तीन पानी आहे आणि तिसऱ्या पानावर शाई पसरलीय.

या सगळ्यांना आवडलं ते एकच. माझं गप्प बसणं.

भाषण मी केलंच नाही गं. फोटो हातात घेतला आणि पुढचा शब्द सुचेना. पाठांतर पक्कं होतं, सकाळी आरशासमोर दोनदा म्हटलं होतं. पण तो फोटो आपला दुसऱ्या वर्षीचा, तू हसताना तोंडावर हात धरलेला. मी बघत राहिले. कॅमेरा चालू. दिग्दर्शक 'कट' म्हणेना. मागे धाकटे दीर झालेला नट खोकला, तरी मी उभीच. नंतर घड्याळ लावून बघितलं तर एक मिनिट दहा सेकंद. मग माझ्या तोंडून तीनच शब्द निघाले, 'जाऊबाई, चुकलं माझं.' आणि मी फोटो टेबलावर पालथा ठेवून स्वयंपाकघरात निघून गेले. ते काही कागदावर नव्हतं.

आता लोकांत चर्चा चाललीय की धाकटीचं नक्की काय चुकलं. कुणी म्हणतं, तिसऱ्या वर्षी तिने किटली फोडून आळ थोरलीवर घातला होता, ते. कुणी म्हणतं, थोरलीच्या साडीवर इस्त्री जाळली ते. एका कॉलेजातल्या मुलीने तर यादीच करून पाठवली, धाकटीचे एकूण एकतीस अपराध, भागांच्या क्रमांकासकट. मी सगळी वाचली. त्यात ते नाही.

शब्द सुचेना म्हणून मी घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, रक्त घेतलं. सगळं व्यवस्थित निघालं. जाताना त्यांनी हळूच विचारलं, 'थोरल्या बाई खरंच नाही ना हो परत येणार?' तिथे मी हसले, पण घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

मी हे पत्र गेले चार दिवस लिहायला घेतेय आणि वाणी, नर्सबाई, मुख्याध्यापक यांच्यावरच थांबतेय. आज थांबायचं नाही असं ठरवलंय. त्याला कारण एका बस कंडक्टरचं पत्र. सहा ओळींचं आहे. अकरा वर्षं बहिणीशी बोलणं नव्हतं, तुमचं 'चुकलं माझं' ऐकलं आणि तसाच उठून तिला फोन लावला, ती रडली, मीही रडलो, तुमचे उपकार झाले. ताई, ते वाचून मी ताट बाजूला सारलं. त्या माणसाने माझे शब्द ऐकून फोन उचलला, आणि शब्द जिचे होते ती इथे टोपलीतली पत्रं मोजत बसलीय.

तर ऐक. सहा वर्षांपूर्वी त्या लग्नाच्या प्रसंगाचे अकरा टेक झाले होते. तू प्रत्येक वेळी माझ्या वाक्यावर थांबत होतीस. लेकाच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, मला निघायचं होतं. मी मेकअप तसाच ठेवून दिग्दर्शकाकडे गेले आणि म्हणाले, 'हिला आता आठवत नाही. दोघींचं काम मी एकटीने किती दिवस ओढायचं?' एवढंच बोलले. पंधरा दिवसांत थोरली जाऊ मुलाकडे परदेशात गेली.

शेवटच्या दिवशी तू तुझा आरसा आणि कंगवे पिशवीत भरत होतीस. मला विचारलंस, 'तुला काही बोलायचंय का?' मी म्हटलं, 'तुझी गाडी आलीय.' गाडी आली नव्हती. तू अर्धा तास फाटकाशी उभी होतीस आणि मी वरच्या खिडकीतून बघत होते.

लिहून झालं. कितीतरी दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतंय. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. ओरडायला फोन केलास तरी चालेल, नंबर तोच आहे.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क राहिलाय की नाही, ते तू ठरव.

धाकटी


२८ जून

चिरंजीव धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भाग मी पाहिला होता, शेजारच्या शिंपीणबाईंच्या घरी, त्यांच्या सासूच्या शेजारी बसून. सासू मला सारखी चिमटे काढत होती, मी खरी आहे ना ते बघायला. माझं मरण एकंदरीत बरं केलंय तुम्ही. हार मात्र फारच स्वस्तातला आणला होता.

आता तू तुझं सांगितलंस, माझंही ऐक. हे मी सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

दिग्दर्शकाकडे तू गेलीस, त्याच्या दोन दिवस आधी मी गेले होते. 'मला सोडा,' म्हटलं. 'माझं डोकं चालेनासं झालंय, लोकांसमोर फजिती व्हायच्या आत जाऊ द्या.' त्याने महिनाभर विचार करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, पंधरा दिवसच देते. तू काय बोललीस ते मला मावशींनी त्याच संध्याकाळी सांगितलं. राग आला. खोटं कशाला बोलू, खूप आला. पण तू मला घालवलंस म्हणून नाही. तुला माझ्यात काहीतरी बिघडलेलं दिसत होतं आणि तू ते त्याला जाऊन सांगितलंस, मला नाही विचारलंस, याचा आला. शेवटच्या दिवशी मी विचारलं ते त्यासाठीच. आणि मग मीही मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, बसू दे हिला स्वतःला खात. तर चुकलं म्हणायचं असेल तर दोघींनी म्हणू या.

आणि माझ्या डोक्याचं काय झालं, तेही सांगते. इकडे आल्यावर भाची जबरदस्तीने तपासायला घेऊन गेली. दोन तास तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई मला म्हणतात, 'आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुमचा डावा कान गेलाय.' मला वाक्यं आठवत नव्हती असं नाही गं. तुझी वाक्यं मला ऐकूच येत नव्हती! तू नेहमी माझ्या डावीकडे उभी, बोलणार गाडी सुटल्यासारखी आणि शेवटचे दोन शब्द गिळून टाकणार. माझं वाक्य कुठे सुरू करायचं ते मला कळणार कसं? मी त्या खोलीत इतकी हसले की भाची घाबरली. मग घरी येऊन तितकीच रडले, कारण हे सांगावं असं वाटलेलं पहिलं माणूस तू होतीस आणि तुझ्याशी माझं बोलणं नव्हतं.

आता कानात यंत्र आहे. आठवड्यातून तीन दिवस इथल्या ग्रंथालयात अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. एकही ओळ चुकत नाही. काम सुंदर आहे, सुखात आहे. फक्त भांडायला बरोबरीचं कुणी नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग दुपारी चक्क गाढ झोपले. भाची म्हणाली, 'चेहरा उतरला होता तो परत वर आला तुझा.'

त्या कंडक्टरला माझ्या वतीने नमस्कार लिही. आणि नुसती पत्रं लिहीत बसू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने निघ, दोन दिवस राहा. स्टँडवरून सरळ चालत ये, औषधाच्या दुकानाच्या वर दुसरा मजला. घंटी वाजवत उभी राहू नकोस. दुपारी मी यंत्र काढून उजव्या कुशीवर झोपते, मला ऐकू येणार नाही. दार लोटलेलंच असतं. सरळ आत ये.

तुझीच,
ताई