माझ्या गुडघ्यातील परक्याची शीर

बाबा,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. माझ्या उजव्या गुडघ्यात आज एका मृत माणसाची शीर बसवलेली आहे, आणि तरीही तुमचा नियम मी मोडलेला नाही. ‘मेलेल्याचं काही घ्यायचं नाही’ हा तो नियम. मी क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. फक्त युक्तिवाद शेवटपर्यंत ऐकून घ्या. हयातीत तुम्ही मला मध्येच थांबवायचात.

नियम कोठून आला, ते आधी मांडते. तुमच्या लहानपणी केळापूरकडच्या आपल्या गावात कुणी वारले की प्रेतावरचे कापड आपल्या वस्तीत येई. तो आपल्या जातीचा हक्क मानला जाई. हक्क या शब्दाची इतकी क्रूर थट्टा मी पुढे सगळ्या वकिलीतही पाहिली नाही. त्याच कापडाचा सदरा घालून तुम्ही शाळेत गेलात. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीने ते कापड नाकारले. तुम्ही शिक्षक झालात, यवतमाळला बिऱ्हाड केलेत, आणि तो नकार घराचा नियम म्हणून सोबत आणलात.

त्या नियमाची माझी पहिली गाठ एका स्वेटरशी पडली. माझ्या वर्गमैत्रिणीची काकू वारली होती. तिच्या आईने काकूचा जवळजवळ नवा तपकिरी स्वेटर मला दिला, आणि मी तो अंगात घालूनच घरी आले. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही दारातून विचारता, “कोणाचं हाय हे?” मी सांगते. तुम्ही म्हणता, “काढ.” आई मान वर न करता म्हणते, “राहू द्या न आता, थंडी किती हाय.” तुम्ही म्हणता, “थंडी त माह्या बापालेही लागत होती.” तुम्ही मला घेऊन मैत्रिणीच्या घरी जाता आणि स्वेटर घडी घालून तिच्या आईच्या हातात देता. ती दुखावते. “गुरुजी, चांगल्या मनानं दिला होता हो.” तुमचा आवाज चढत नाही. “मन चांगलं आहे बाई, मला माहीत आहे. पण गल्लीत एवढ्या पोरी असताना माझ्याच पोरीची आठवण काहून झाली?” तिने स्वेटर आत नेऊन ठेवला. मी मात्र परतीच्या वाटेवर थंडीने कुडकुडत तुमच्यावर चिडले होते. उलटतपासणीत नेमका प्रश्न काय करू शकतो, हे मला फार उशिरा कळले.

आता माझ्या प्रकरणाची हकीकत. राळेगावच्या रस्त्यावर माझी स्कूटी गिट्टीवरून घसरली आणि गुडघ्यातले दोन लिगामेंट तुटले. सूज उतरली, पण पायरी उतरताना गुडघा दगा देऊ लागला. कोर्टाच्या जिन्यात दोनदा कारकुनाने मला धरले. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: या वयात ऑपरेशन कशाला, काठी घ्या, बसून राहा. महागावहून तुमचा धाकटा आला आणि म्हणाला, “ताई, माह्या घरी चाल. सून सारं हातात आणून देते तुले.” मी म्हणाले, “हातात आणून दिलेल्यावर जगायचं असतं, तर बाबांनी मला शिकवलं कशाला?” नागपूरच्या सर्जनने मला तपासले आणि सांगितले की एरवी ते रुग्णाचीच शीर, म्हणजे टेंडन, काढून वापरतात, पण दोन लिगामेंट नव्याने करायचे आणि त्यासाठी याच वयाच्या पायातून दोन शिरा काढायच्या, म्हणजे पाय आणखी कमजोर होणार. दात्याची घेऊ. मृत दात्याची, टाचेमागची जाड शीर.

मी लगेच होकार दिला नाही. संमती कुणाची, असे विचारले. नातेवाइकांची, लेखी. त्यांना माझे नाव कळेल? नाही. मला त्यांचे? तेही नाही. दात्याची जात, धर्म कुठे पाहतात? सर्जन हसले. “मॅडम, यात रक्तगटसुद्धा जुळवावा लागत नाही.” बाबा, तुमच्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

धाकट्याला ते पटले नाही. “बाबानं तुले सूटर ठेवू देल्लं नाई, अन् तू त मेलेल्याची शीरच आंगात घालून राह्यली!”

“स्वेटर काढता येतो. ही काढता येणार नाही, म्हणूनच नीट विचार केला.”

“माह्यासंग वकिली नको करू.”

मी केली. नियमाचे शब्द निराळे आणि नियमाचे कारण निराळे. तुमचा आक्षेप मृत्यूवर नव्हता, वस्तूवरही नव्हता. देणारा आपली जात पाहून देतो, आणि घेणाऱ्याला ती मान्य करूनच घ्यावे लागते, यावर होता. येथे देणाऱ्याने मला पाहिलेलेच नाही. त्याने गुडघ्याला दिले. ‘माझ्याच पोरीची आठवण काहून झाली’ हा प्रश्न येथे उभाच राहत नाही, आणि जेथे तो प्रश्न उभा राहत नाही तेथे तुमचा नियम लागू होत नाही. याउलट तो नियम पुढे करून मला खुर्चीत बसवले असते, तर ज्याने आपल्याला उभे केले त्यानेच मला बसवले, असे झाले असते. हे मी कोणत्याही न्यायासनापुढे मांडीन. तुमच्यापुढेही.

आज मी कोर्टाचा जिना एकटी उतरते. सावकाश, कठड्याला हात न लावता. कारकून अजून सवयीने हात पुढे करतो. मी त्याच्या हातात फाईल देते.

एक गोष्ट उरते. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर दारापाशी थांबले असताना धाकट्याने माझे मनगट धरले. “ताई, खरं सांग. बाबाले चाललं असतं?”

“चाललं असतं,” मी म्हणाले. न्यायाधीशापुढे वापरते त्या आवाजात. त्याने हात सोडला, आणि डोळे पुसले.

तुम्हाला चालले असते की नाही, हे मला ठाऊक नाही. युक्तिवाद माझा होता. त्याखाली होकार तुमचा लावला. दात्याच्या माणसांनी संमती दिली होती. तुम्ही दिली नव्हती. मेलेल्या माणसाने न दिलेले असे मी काही घेतले असेल, तर ते एवढेच. वरचे एकही विधान मी मागे घेत नाही. हे एक मात्र चुकले. धाकटा आता ज्याला भेटेल त्याला सांगतो, बाबांनाही चाललं असतं. त्याला हे पत्र दाखवावे, एवढे धैर्य माझ्यात नाही.

चूक मान्य करून सही करणारी,
तुमची थोरली