आक्काच्या नावाची हजेरी

पेठ वडगाव
२२ नोव्हेंबर १९९९

चि. विजयसिंहास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आबांनी गाडीत अख्ख्या डब्याला पानिपत शिकवलं आणि आईनं घरात पाऊल टाकल्या टाकल्या सुनेच्या, शिवानीच्या तव्याला नावं ठेवली, हे वाचून पोटभर हसले. निवृत्त झाला म्हणून मास्तर काय मास्तर राहायचा थांबतोय व्हय!

मला मात्र दिल्लीला बोलावू नकोस. म्हैस गाभण आहे, यांच्या कापडाच्या दुकानात लग्नसराईची झुंबड आहे. तू म्हणशील, ताई दर वेळी म्हैस पुढं करते. करते, जा.

एक काम कर. शिवानीला सगळं नीट सांगून ठेव, तिला अर्धंमुर्धं माहीत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी आबांच्या शाळेतल्या मास्तर लोकांची सहल दिल्लीला गेली, आपण सगळे होतो, आणि आबांची थोरली बहीण, आपली आक्का, हुमायूनच्या मकबऱ्यात चुकली ती चुकलीच. बाई ठार बहिरी, बोली गारगोटीची, त्या गर्दीत कुणाला काय सांगणार? नऊ दिवस आबा वणवण फिरले. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. अजून त्यांनी तिचं दिवसकार्य केलेलं नाही, आणि आई दर दसऱ्याला तिची लुगडी उन्हात घालते. हे सगळं शिवानीच्या कानावर घाल, साक्षीच्या नको. चार वर्षांचं लेकरू, उगाच भ्यायचं.

आबांना कुतुबमिनार दाखव, लाल किल्ला दाखव, पण मकबऱ्याकडं गाडी वळवू नकोस. आणि त्यांना हजेरी घेऊ देऊ नकोस. माणसं मोजली की दृष्ट लागते, म्हणून नावं पुकारायची, ही आपल्या आजीची रीत. ती त्यांनी आयुष्यभर पाळली. हजेरीची ती वही पिशवीत दिसली तर लपव.

यांचा नमस्कार. माया आहेच, ती दिल्लीच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
ताई


नवी दिल्ली
६ डिसेंबर १९९९

ती. सौ. ताईस,
विजयसिंहाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ताई, तुझं मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण आबांपुढं माझं चाललं नाही.

काल रविवारी जीप ठरवली. सकाळी कुतुबमिनार झाला. आबांनी सनावळ्या सुरू केल्यावर एक सरदारजी आपली चार पोरं घेऊन मागं उभा राहिला, मराठीतलं एक अक्षर न कळता मान डोलवत होता. लाल किल्ल्याच्या हिरवळीवर आईनं भाकरी-ठेचा सोडला. एवढा मोठा किल्ला बांधला तर दारात एक नळ बसवायला ह्यांस्नी काय झालतं, असं आईनं बादशहाला सुनावलं. दिवस फार छान चालला होता गं.

तीन वाजता आबा ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनीच मकबऱ्याचं नाव घेतलं. मी आडवा आलो. ते एवढंच म्हणाले की, मी आता साठीला आलो, अजून किती वर्षं त्या दाराला भ्यायचं?

आत काही झालं नाही. बाहेर जीपपाशी आल्यावर आबांनी वही काढली. मी लपवली होती, कुठून मिळाली कोण जाणे. बनाबाई, विजयसिंह, शिवानी, साक्षी अशी नावं पुकारली, आम्ही हसत हसत हाय म्हणालो. मग त्यांनी चष्मा पुसला आणि धोंडुबाई म्हणून आक्काचं नाव पुकारलं.

आईनं पदर तोंडाला लावला. आणि साक्षी मोठ्यांदा हाय म्हणाली.

शिवानी तिला रागवली, तर ती रडकुंडीला येऊन सांगायला लागली की, दाराच्या आतल्या ओट्यावर मातकट लुगड्यातली एक आज्जी गुडघे चोळत बसली आहे, तिला ऐकू येत नाही, म्हणून तिचं मी सांगितलं. मी पळत आत गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. चौकीदार शेंगा खात होता. त्याला विचारलं, तर म्हणाला की दुपारपासून इथं कुणी म्हातारी बसलेलीच नाही.

मी साक्षीला आक्काबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं, शपथ. आई बोलली असेल, असं शिवानीचं म्हणणं. आई म्हणते, मी देवाशपथ न्हाय बोलले.

आबा घरी आल्यापासून जेवले नाहीत. आज सकाळी कुणाला न सांगता बसनं परत तिकडंच गेले. मला फार भीती वाटते. तुझं ते ऐकतात. काहीतरी लिही.

राग धरू नकोस, धरलास तर पत्रातून भांड, पण लिही.

तुझा,
विजू


पेठ वडगाव
१३ डिसेंबर १९९९

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांच्या हातात दिलं नाही. गोठ्यात जाऊन वाचलं, आणि म्हशीला धरून रडले.

आता जे लिहिते ते आबांना वाचायला दे. शेजाऱ्यांच्या फोनवर चारचौघांत बोलायची ही गोष्ट नव्हे, आणि समोर उभी राहिले असते तर तोंड उघडलं नसतं. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षं मी दिल्लीला येत नाही ती म्हशीपायी नाही.

आक्काला ऐकू यायचं नाही. आबा नावं पुकारायचे तेव्हा तिच्या नावाला मी हाय म्हणायची. जोतिबाच्या यात्रेत, पन्हाळ्याच्या सहलीत, सगळीकडं. ते माझं ठरलेलंच काम होतं. आधी मागं वळून बघायचं, आक्का दिसली की हाय म्हणायचं. त्या दिवशी मकबऱ्यासमोर बसमध्ये मी वळून बघितलं नाही. शेजारच्या बाकावरच्या पोरींशी गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या, माझ्यावर द आला होता. आबांनी धोंडुबाई पुकारलं आणि मी गाणं आठवता आठवता हाय म्हणाले. गाडी सुटली.

लाल किल्ल्यात आईनं चिवडा वाटायला दिला, तेव्हा आक्काची पुडी माझ्या हातात उरली. तेव्हा मला कळलं. परत गेलो तेव्हा ती नव्हती.

आबांनी पोलिसांना सांगितलं की म्हातारी फिरत गेली असंल. मी शेजारी उभी होते. तेरा वर्षांची घोडी, एक शब्द बोलले नाही. तिनं मला न्हाऊ घातलं, माझ्या वेण्या घातल्या, आणि मी एका गाण्यापायी तिला परमुलखात टाकून आले. अजून कुणी माझं नाव घेऊन हाक मारली की ओ द्यायच्या आधी मी मागं वळून बघते.

आता तुझ्या लेकीनं तेच केलं. कुणी करायला लावलं, मला माहीत नाही. मला एवढंच कळतं की आता गप्प बसले तर ते त्या पोरीच्या मानगुटीवर बसेल.

आबांना म्हणावं, काय शिक्षा द्यायची ती द्या. माझी माया ठेवायची का नाही, ते पत्र वाचून झाल्यावर ठरवा.

अभागी,
ताई


नवी दिल्ली
२० डिसेंबर १९९९

चि. सौ. निशिगंधा हिस,
आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तीनदा वाचलं. चौतीस वर्षं पोरांच्या चुका तांबड्या शाईनं काढल्या, आता स्वतःची काढतो. नीट वाच.

त्या दिवशी आक्काचे गुडघे धरले होते. तिला पायऱ्या चढवेनात. मीच तिला दाराच्या आतल्या ओट्यावर बसवली, खांदा दाबून खुणेनं सांगितलं की, मी न्यायला येईपर्यंत इथनं हलायचं नाही. तिनं मान हलवली. मग मी वर गेलो. मास्तर मंडळींना हुमायूनचा इतिहास सांगायला लागलो, लोक वाहवा म्हणायला लागले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. उतरताना दुसऱ्या वाटेनं, गप्पा हाणत उतरलो. बसमध्ये नाव पुकारलं, तुझा आवाज आला. तो आक्काचा नाही, तुझा आहे, हे मला काय कळत नव्हतं? वर्गात एकानं दुसऱ्याची हजेरी दिली तर मी छडी मारायचो. तिथं मी वहीतून मान वर केली नाही. तिला बसवलेली कुठं, हे एका माणसाला माहीत होतं, आणि ते तू नव्हतीस.

पोलिसांना फिरत गेली असंल म्हणालो ते धडधडीत खोटं. आक्का कधी फिरत गेली नाही. बस म्हटलं की बसायची. विधवा होऊन माघारी आली तेव्हा आमच्या बाबांनी खुणेनं पुढच्या सोप्यात बस म्हटलं, तर दिवसभर तिथनं उठली नव्हती. माझी लाज झाकायला मी तिला भटकी केली. आणि तू आतल्या आत कुढत होतीस, ते मला दिसत होतं गं. तुझं लग्न झालं, लेकरं झाली, तरी तुझं तोंड बघून मला कळायचं. तुला विचारलं तर मलाही बोलावं लागेल, म्हणून विचारलं नाही. एवढा भित्रा बाप कुणाला मिळू नये. मला माफ कर.

ओट्याची गोष्ट मी तुझ्या आईलासुद्धा सांगितली नव्हती. साक्षीनं दाखवला तो तोच ओटा. मी आयुष्यभर भुताखेतांची टिंगल केली.

गेले पंधरा दिवस मी रोज तिथं जाऊन बसतो. मला कुणी दिसत नाही. दगड तेवढा गार लागतो. काल धीर करून म्हणालो की, आक्का, मी आलो, चल आता घरी. चारदा म्हणालो. चौकीदार बघायला लागला. मग माझ्या ध्यानात आलं की तिला ऐकू कुठं येतंय. तिला हाताला धरूनच उठवायला लागायचं, आणि तिच्या वतीनं हाय म्हणायचीस ती तू, ती दुसऱ्या कुणाच्या हातानं उठायची नाही, फक्त तुझ्या.

म्हशीचं जावईबापू बघतील, मी त्यांना वेगळं लिहिलं आहे. मिरजेहून दिल्लीची गाडी धर. आल्यावर दोघांनी मिळून तिला उठवायचं, गारगोटीला न्यायचं, आणि मग तिचं जे करायचं ते करायचं. माझ्या एकट्याच्यानं होत नाही.

इकडं थंडी मरणाची पडली आहे. येताना आक्काला एक घोंगडं आण.

तुझा,
आबा