गाळलेलं वाक्य

नंदुरबार,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

गावी, प्रकाशाला, घरचे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे जसेच्या तसे. नानांनी केळीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी रीतसर भांडण केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच ओट्यावर चहा पिऊन आले. इथे गावाबाहेर मिरच्या वाळत पडल्यात, त्यामुळे निम्मा वर्ग शिंकतो आणि उरलेला नाक धरून बसतो.

पत्र बघून हसशील, ताईला फोन परवडेना झाला का म्हणशील. पण फोनवरचं बोलणं कुठे कुठे साठून राहतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या खोलीत राहणाऱ्या रुपाचा भाऊ केळीचा ट्रक घेऊन आज सुरतला निघालाय. तुझ्या नेहमीच्या चहावाल्याकडे तो हे पत्र ठेवील.

माझा सायबर सुरक्षेचा कोर्स चांगला चाललाय. फी सरकार भरतं, वर दरमहा विद्यावेतन, आणि शेवटी नोकरीची हमी. तूही याच बाकांवर बसून हाच कोर्स केलास. तुझा फोटो अजून दारासमोर आहे, 'सुरत येथील नामांकित कंपनीत निवड' असं खाली लिहिलेला. नोकरी लागलेल्या प्रत्येक मुलामागे संस्थेला अनुदान मिळतं, म्हणून फोटो मोठा काढलाय. कंपनीचं नाव मात्र कुठेच नाही. येता-जाता मी तो बघायची, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. तुलाही विचारलं नाही. आई गावभर पेढे वाटत होती, तेव्हा कोण विचारणार?

आता मुद्द्यावर येते. तीन परिच्छेद झाले, किती टाळणार.

गुरुवारी सरांनी वर्गात एक रेकॉर्डिंग ऐकवलं. कोरीटच्या तापीबाईंना आलेला फोन, ज्यात त्यांचे कापसाचे पैसे गेले. त्यांच्या मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, तोच पोलिसांनी सरांना शिकवण्यासाठी दिला होता. सर पुण्याचे, त्यांना अहिराणी कळत नाही. म्हणाले, स्वप्नाली, एकेक वाक्य थांबवतो, तू मराठीत सांग.

फोनवरचा मुलगा बँकेतून बोलतोय म्हणाला. सुरुवात शुद्ध मराठीत, पण लगेच अहिराणीवर आला. बाईंची तब्येत विचारली, कापूस कसा पिकला विचारलं. वर्गातली पोरं हसत होती. मोबाइलवर आलेला आकडा सांगू की नको, अशा घोळात बाई रडायला लागल्या. तेव्हा तो म्हणाला,

"घाबरू नको वं माय, मी शे ना."

भूपेश, नाना शहाद्याच्या दवाखान्यात होते तेव्हा आईचा हात धरून तू हेच म्हणत बसला होतास. 'माय' म्हणताना तुझा आवाज जसा खाली उतरतो, तसाच तो उतरला.

'घाबरू नको आई, मी आहे ना', एवढंच मला मराठीत सांगायचं होतं. सर म्हणाले, पुढे? मी ते वाक्य गाळलं आणि थेट पुढचं सांगितलं, की बाईंनी आकडा वाचून दाखवला. अहिराणी कळणाऱ्या पोरांना वाटलं, एवढ्याशा वाक्यात सांगण्यासारखं काय आहे. कुणी टोकलं नाही.

काल कोर्सचं काम आहे असं सांगून मी कोरीटला गेले. वाटलं होतं, बाई शिव्याशाप देतील, मग मलाही जरा हलकं वाटेल. त्या अजून तुझा नंबर लावून बघतात. बंद लागला की त्यांना तुझी काळजी वाटते. मला म्हणाल्या, "आपली बोली बोलनारा पोऱ्या फसाडाव नही, बेटा. त्याले बी कोनी तरी फसाडं व्हई."

तुलाच कुणी तरी फसवलं असेल म्हणणाऱ्या त्या बाईंनी दिलेल्या शेंगा मला खाववल्या नाहीत. तुझा इतका राग मला जन्मात आला नव्हता, आणि तुझ्यासाठी इतकी भीतीही वाटली नव्हती.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. कोर्स संपला तरी नोकरी आली नाही, संस्थेने नुसतं 'बघू, बघू' केलं, आणि शेवटी जी कंपनी दारात आली तिच्याकडे काही चौकशी न करता तुला ढकललं. खरं आहे. ते मी पोलिसांनाही सांगणार आहे. पण फोन उचलून त्या म्हातारीला माय म्हणणारा संस्थाचालक नव्हता.

बुधवारी सायबर पोलीस येणार आहेत. रेकॉर्डिंगमधला शब्द न् शब्द लिहून द्यायला सरांनी माझं नाव सुचवलंय. काम नीट झालं तर त्यांच्याकडेच नोकरीसाठी माझी शिफारस होईल. आवाज ओळखीचा वाटतो का, हेही ते विचारतील.

तू मंगळवारी सकाळच्या गाडीने निघ. मी नंदुरबार स्टेशनवर असेन. तिथून दोघं मिळून पोलिसांकडे जाऊ, आणि तिथे जे असेल ते तू स्वतः बोल. बाकी कोण होतं, फोन करायला कोण लावत होतं, तेही सांग. आला नाहीस तर बुधवारी मी ते वाक्य लिहीन, आणि ते कुणाचं तेही लिहीन. मला फोन करून रडू नकोस. मी विरघळेन अशी मलाच भीती वाटते, म्हणून फोन रुपाकडे ठेवणार आहे.

आईला मी काही बोललेले नाही. काल फोनवर तिने विचारलं, भूपेश होळीला येईल ना? मी हो म्हटलं. माझ्याच्याने एवढंच झालं. बाकीचं तिला तू सांगायचंस, समोर बसून. तेव्हा मी तुझ्या शेजारी बसेन.

मंगळवारी गाडीच्या प्रत्येक दारात तुला शोधणारी,
तुझी ताई
स्वप्नाली