दहा पावलं राहिली

३ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

अंतराळस्थानकावर जाणाऱ्या मालयानातून तुझे बूट पाठवले आहेत. तळ दुहेरी, शिवण हाताची. दुकानाचा नियम तुला ठाऊकच आहे: गिऱ्हाइकाने दहा पावलं चालून दाखवल्याशिवाय बूट त्याचा होत नाही. तुमचा साहेब म्हणाला, तिथे कोणी चालतच नाही. मग बूट कशाला मागवलेत, असं विचारल्यावर त्याने पावती मागितली.

तब्येत सांभाळ, आणि आम्हाला विसरू नकोस.
बाबा

१९ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

रागावू नका, पण इथे तळ निरुपयोगी. आम्ही तरंगतो आणि काम करताना पाऊल दांडीखाली अडकवतो. त्यामुळे तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ झालेत आणि पावलं वरून सोलून निघालीत. जखमा भरल्या नाहीत तर डॉक्टरीणबाई मला परत पाठवणार आहेत. छतावरून दहा पावलं टाकली. चालतील का?

तुमची माया आहेच, ती वरपर्यंत पोचते.
धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

छतावरची पावलं दुकान धरत नाही. पाल छतावर चालते म्हणून तिला कोणी बूट विकतं का? सोबत नवा जोड आहे, तळ पावलाच्या वरच्या बाजूला शिवलेला. शेजारचा घड्याळजी म्हणाला, बूट उलटा झालाय. त्याला सांगितलं, बूट सरळ आहे, मुलगी उलटी आहे. तुझी आई तीन दिवस हसतेय.

बाबा

१ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

जखमा भरल्या! इथे सगळ्यांना तसेच बूट हवेत. पाय आता ठणठणीत आहेत, तेव्हा आणखी वर्षभर राहा, असं साहेबांचं म्हणणं आहे. मला मोह होतोय. तुम्ही काय म्हणता?

धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. सगळ्यांची मापं पाठव. राहायचं की नाही हे तुझं तू ठरव, बाप आड येणार नाही. पण तो जोड अजून दुकानाचा आहे. दहा पावलं राहिली आहेत, जमिनीवरची, माझ्यासमोर. तुझी फार आठवण येते. पत्रं साहेब वाचतो म्हणे, वाचू दे.

बाबा

२० मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

साहेबांना कळवलं, दुकानाच्या बुटांचं देणं अंगावर आहे, थांबता येणार नाही. पुढच्या महिन्यात उतरतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात, सुरुवातीला मला चार पावलंही धड टाकता येणार नाहीत, आणि त्यात हे बूट. हात धरून टाकलेली पावलं दुकान धरतं का, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
धाकटी