जोसेफनं गुडघा विचारला नाही

नास, आयर्लंड, मंगळवार संध्याकाळ

आज जोसेफनं आईचा गुडघा विचारला नाही. दुपारपासून डोक्यातून जातच नाहीये.

एरवी आफ्रिकेतल्या मलावीहून आमच्या कंपनीच्या या डीलरचा फोन आला की आधी घरचे सगळे, मग पुण्याहून आलेल्या आईचा गुडघा, आणि मग पशुखाद्य. तिथली रीतच ती. आज थेट म्हणाला, "ट्रक अजून सीमेवरच आहेत. भागवतोय मॅडम, काळजी नको." त्यांच्या देशाला समुद्र नाही. आमचा माल शेजारच्या देशातल्या बंदरात उतरतो, आणि सीमेवर अडला की अडला. मॅनेजर म्हणाला, "ग्रँड, मग थांबू." इथे कशालाही 'ठीक आहे' म्हणायचं तर 'ग्रँड'. आणि मीही मान हलवली! का?

घरी आल्यावर आईनं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतो जोसेफ?" सांगितलं.

"माझा गुडघा नाही विचारला? काहीतरी बिनसलंय त्याचं. लाव फोन."

लावला. या वेळी मीच आधी त्याच्या घरच्यांची चौकशी केली.  तेव्हा तो मोकळं बोलला. गोदाम रिकामं आहे, गाई आटायला लागल्यात, गावातल्या बायका रिकामी पोती घेऊन दारात येतात आणि त्याला बाहेर यायची लाज वाटते.

उद्या मॅनेजरशी भांडून तिथल्याच दुसऱ्या डीलरकडचा थोडा माल त्याच्याकडे वळवायचाच. ग्रँड म्हणे!

फोन ठेवता ठेवता जोसेफ म्हणाला, "आणि आईंचा गुडघा?"

स्पीकर चालूच होता. आईनं सोफ्यावर पाय लांब केला आणि वाकवून दाखवला, त्याला दिसत असल्यासारखा.