चार नंबरचे शेरे

प्रिय ताई,

हसू नकोस, पण तुझा भटक्या भाऊ कॉलेजात जातोय. म्हणजे घरीच बसतो, मोबाइलवर. इंग्रजी लेखनाचा वर्ग आहे, फी भरून कुणीही नाव घालावं. निबंध साइटवर टाकायचा, वर्गातलंच कुणीतरी तो निवडून शेरे देतं, मग सुधारून परत टाकायचा. नावं झाकलेली, नुसते नंबर. मी निवडला तो निबंध बदकांवर होता. बदक एक डोळा उघडा ठेवून झोपतं म्हणे! असो, भरकटलो.

मी तुझ्यावर लिहिलं. नाव नाही, गाव नाही, पत्ता तर नाहीच, शपथ. तुझ्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत, तू कुठे लपून राहतेस ते भाऊजींना कळेल असं कसं लिहीन?

माझा वाचक चार नंबर. इतरांना ‘छान’ एवढंच मिळालं, मला पानभर शेरे. चित्र डोळ्यांसमोर येत नाही, खिडकीतून काय दिसतं? मी पाण्याची टाकी घातली, बंद कारखान्याचं धुराडं घातलं. कामावरून परतते कधी? मी सव्वासहा लिहिलं. दार उघडते तो क्षण रंगव. मी हिरवं दार लिहिलं, अडकणारी कडीसुद्धा. शाळेत मास्तर माझी वही भिरकावायचे गं. पहिल्यांदाच कुणी इतकं मन लावून वाचत होतं. मॅडम तर म्हणाल्या, शेरे द्यायला चार नंबरकडून शिका. मी हुरळलो.

सोमवारी त्याची एकच ओळ आली. निबंध उत्तम, फक्त दाराचा रंग चुकलाय, ते तपकिरी आहे. मला हसू आलं. तिथे राहून आलोय मी, हा कोण सांगणारा?

आज सकाळी तुझं पत्र मिळालं. रविवारी दार तपकिरी रंगवलंस म्हणून. तेव्हा आठवलं, भाऊजी मध्यंतरी रस्त्यात भेटले होते आणि कोणता वर्ग, कोणतं कॉलेज, सगळं मीच फुशारकीने सांगितलं होतं.

तुझ्याकडे फोन नाही, म्हणून ही चिठ्ठी. देणारी बाई टेम्पो चालवते, माझ्या विश्वासातली आहे. तुला कामावरच गाठेल. तशीच तिच्याबरोबर नीघ. कपडे, शिलाई मशीन, सगळं राहू दे. रागव मला, नंतर हवं तेवढं रागव. पण आज सव्वासहाला त्या दारापाशी जाऊ नकोस.

तुझाच,
भटक्या